किड्यांना धुरा कळत नाही

जर्मनीत क्रेफेल्ड नावाचं एक शहर आहे. ऱ्हाईन नदीच्या डाव्या बाजूला, ड्युसेलडॉर्फहून ट्रामनेही जाता येतं इतक्या जवळ. या शहरातल्या एका जुन्या शाळेत आता मुलं नाहीत, बाटल्या आहेत. बाटल्यांमध्ये अल्कोहोल आणि त्यात किडे. माश्या, गांधीलमाश्या, पतंग, भुंगे, डास, आणि आपल्याला नावंही माहीत नाहीत असे असंख्य जीव.

ही शाळा चालवते तिथली कीटक अभ्यासकांची संघटना. स्थापना १९०५ सालची. सदस्यांमध्ये बरेचसे हौशी. म्हणजे पोटापाण्याचं काम वेगळं आणि सुट्टीत किडे. आपल्याकडे गडकिल्ले फिरणारे ग्रुप असतात, तसंच काहीसं. फरक इतकाच, की हे लोक गेली कित्येक दशकं एकच काम एकाच पद्धतीने करत आले आहेत.

काम असं. कुरणात एक तंबूसारखी जाळी उभी करायची. रने मलेझ नावाच्या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं, की तंबूत शिरलेले किडे बाहेर पडायला वर वर जातात आणि वरच्या कोपऱ्यात गोळा होतात. मग त्याने १९३०च्या दशकात तसाच सापळा बनवला आणि त्या कोपऱ्यात बाटली लावली. क्रेफेल्डचे लोक हाच सापळा वापरतात. बाटली भरली की आणायची, दुसरी लावायची. आणि मग किडे तोलायचे.

तोलायची पद्धत वाचून मी थोडा वेळ थांबले होते. स्टीलची चाळणी तिरकी धरायची. बाटलीतलं सगळं त्यावर ओतायचं. अल्कोहोल निथळू द्यायचं. दोन थेंबांमधलं अंतर पहिल्यांदा दहा सेकंदांपेक्षा जास्त झालं, की लगेच वजन करायचं. प्रत्येक बाटलीला हाच नियम. एकेक किडा ओळखत बसायचं तर आयुष्य पुरणार नाही, पण वजन सगळ्यांचं मिळून करता येतं.

क्रेफेल्डच्याच हद्दीत ओर्ब्रोइखर ब्रूख नावाचं एक संरक्षित क्षेत्र आहे. १९८९ साली तिथे सापळे लावले होते. २०१३ साली तिथेच पुन्हा लावले आणि वजन जवळपास ८० टक्क्यांनी कमी भरलं. एखादं वर्ष खराब असू शकतं, म्हणून २०१४ साली परत लावले. तेच. फुलांवर हवेत तरंगल्यासारख्या उभ्या राहणाऱ्या माश्या असतात ना, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, त्या १९८९ साली १७,२९१ सापडल्या होत्या, १४३ जातींच्या. २०१४ साली सापडल्या २,७३७, जाती १०४.

मग या लोकांनी आपल्या सगळ्या नोंदी विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर मांडल्या. ६३ ठिकाणं, २७ वर्षं, दीड हजाराहून जास्त नमुने, सगळे मिळून सुमारे ५३ किलो किडे. ऑक्टोबर २०१७ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. निष्कर्ष: २७ वर्षांत उडणाऱ्या किड्यांचं वजन ७६ टक्क्यांनी घटलं. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा ते सर्वात जास्त असायला हवेत, तेव्हा ८२ टक्क्यांनी.

आकडा मोठा आहेच. पण मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्या गोष्टीने. ही ६३ ठिकाणं म्हणजे शेतं नव्हती, कारखान्यांचे परिसर नव्हते. ती सगळी निसर्गासाठी राखून ठेवलेली होती. पाटी लावलेली, नकाशावर रेघ मारलेली. किडे तिथून गेले, जिथे त्यांना राहायला जागा दिली होती.

निबंधात आणखी एक आकडा आहे, सहज नजरेतून सुटेल असा. यातली ९४ टक्के ठिकाणं शेतीने वेढलेली आहेत.

*

मी यवतमाळ जिल्ह्यातली. वडिलांची नऊ एकर कोरडवाहू. पऱ्हाटी आणि तूर, कधी सोयाबीन. माझ्या इंजिनिअरिंगची फी पऱ्हाटीतून आली आणि पऱ्हाटी फवारणीशिवाय आली नाही, हे मी आधीच सांगून टाकते. कारण किड्यांबद्दल लिहिताना शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं फार सोपं असतं, आणि ते मला जमणार नाही.

आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. दोन वावरांमधली न नांगरलेली पट्टी. तिच्यावर गवत, एखादी बोर, एखादी बाभूळ, तरवड. पावसाळ्यात चतुर, नाकतोडे, मुंगळे. धुऱ्यावरून आमच्याकडे पिढ्यानपिढ्या भांडणं चालतात. शेजारी दरवर्षी एक तास जास्त नांगरतो आणि धुरा बारीक होत जातो. मोजणी आणतात, कोर्टात जातात. जमिनीचा कण न् कण कुणाचा ते ठरलेलं असतं. पण वावरातली अळी तुमची की शेजाऱ्याची, हे कुणी विचारत नाही. ती धुरा ओलांडून येते. शेजाऱ्याने फवारलं, की त्याच्या पंपाचा वास आपल्या अंगणात येतो.

तो क्रेफेल्डचा निबंध आला, त्याच ऑक्टोबर महिन्यात आमचा जिल्हा बातम्यांत होता. पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले होते, शेकडो दवाखान्यात होते. मी तेव्हा पुण्यात शिकत होते. आमच्या गावातले एक काका कित्येक दिवस दवाखान्यात होते. त्यांना नीट दिसेनासं झालं होतं. त्या काळात जर्मनीतल्या माश्यांची बातमी माझ्या कानावर आली असती, तरी मी ऐकली नसती. माणसं मरत असताना माश्या कोण मोजतं?

आज मी ड्युसेलडॉर्फमध्ये नोकरी करते. आणि आता मला वाटतं, की त्या दोन बातम्या एकाच गोष्टीच्या होत्या. पंपातून निघालेलं औषध जिथे पडायला हवं तिथेच पडतं, हा जो आपला समज असतो ना, त्याच्या.

*

मागच्या जूनमध्ये एका रविवारी मी सायकल ट्राममध्ये घालून क्रेफेल्डला गेले आणि तिथून ओर्ब्रोइखर ब्रूखला. या भागात ‘ब्रूख’ म्हणजे पाणथळ, सखल जमीन. सुरुवातीलाच पाटी आहे: हिरव्या कडेचा त्रिकोण, आत पंख पसरलेला समुद्री गरुड. पुढे ओलसर कुरणं, झुडपांच्या रांगा, आणि वरून छाटून छाटून जाड डोक्याचे झालेले विलो. सुंदर जागा आहे. वाटेवरून खाली उतरायचं नाही, फुलं तोडायची नाहीत, कुत्रा मोकळा सोडायचा नाही. नियम सगळे माणसांसाठी. किड्यांसाठी नियम नाहीत, कारण ते पाळणार नाहीत.

कुरण संपतं तिथे एक चर, आणि चराच्या पलीकडे बटाटा. मधे आमच्या धुऱ्याइतकंसुद्धा अंतर नाही.

तिथे एक शेतकरीण बाई भेटल्या. पन्नाशीच्या. बांधावरचं काहीतरी बघायला आल्या होत्या. मी भारतातली, शेतकऱ्याची मुलगी, असं म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘किती हेक्टर?’ मी म्हटलं, चारसुद्धा नाही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आमच्याकडे सत्तर आहेत, आणि तरी मुलगा म्हणतो परवडत नाही.’

बटाट्यावर करपा येतो, हे त्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही. हवा दमट राहिली, की आठवड्याभरात शेत काळं पडतं. म्हणून बुरशीनाशक, पुन्हा पुन्हा. त्या म्हणाल्या, ‘मी वारा बघते. नोझल बदलून घेतलेत, थेंब जाड पडतो, उडत नाही. चरापासून अंतर ठेवते. सगळं कायद्याने. पण त्यांची माशी माझ्या शेतात येते, त्याला मी काय करू?’

‘त्यांची माशी’. मला हा शब्दप्रयोग फार आवडला. धुऱ्यावरच्या भांडणाचीच भाषा ती. पण त्यात बाईंनी प्रश्नाचं मूळ नेमकं पकडलं होतं.

२०२१ साली कार्स्टन ब्रूल आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्यांनी जर्मनीभरातल्या २१ संरक्षित क्षेत्रांत तेच मलेझचे सापळे लावले. यावेळी किडे तोलले नाहीत, तर ज्या अल्कोहोलमध्ये किडे बुडाले होते ते अल्कोहोल तपासलं. किड्यांच्या अंगावरचं, अंगातलं रसायन अल्कोहोलमध्ये उतरतं. एकूण ४७ कीडनाशकं सापडली: तणनाशकं, बुरशीनाशकं, कीटकनाशकं. एकेका क्षेत्रात सरासरी १६ ते १७. काही तणनाशकं आणि बुरशीनाशकं तर एकूण एक ठिकाणी. एकही क्षेत्र कोरं निघालं नाही.

मग त्यांनी पाहिलं, की कुठे जास्त रसायनं आणि कुठे कमी, हे कशावर ठरतं. उत्तर होतं: भोवतालच्या दोन किलोमीटरच्या पट्ट्यात शेती किती आहे त्यावर. क्षेत्राच्या आत तुम्ही काय करता यापेक्षा तुमचे शेजारी काय करतात, हे महत्त्वाचं.

हे दोन किलोमीटर एकदा कागदावर मांडून बघा. एका बिंदूभोवती दोन किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर ते साडेबाराशे हेक्टर भरतं, म्हणजे एकतीसशे एकर. जर्मनीतली निम्म्याहून जास्त संरक्षित क्षेत्रं ५० हेक्टरांपेक्षाही लहान आहेत. सव्वाशे एकर. मधमाशीला, भुंग्याला, माशीला हे अंतर म्हणजे रोजचं येणंजाणं. तिच्या दृष्टीने संरक्षित क्षेत्र असं वेगळं काही नाहीच. तिच्या गावात एक कुरण आहे आणि बाकी सगळं वावर.

म्हणजे आपण ज्याला अभयारण्य समजत होतो, तो खरं तर धुरा आहे. शेतांच्या मधे उरलेली पट्टी. जर्मनीच्या जमिनीपैकी अशी राखीव क्षेत्रं जेमतेम ६ टक्के, तीही तुकड्यातुकड्यांत. पूर्वी या तुकड्यांना जोडणारे झुडपी बांध होते. विसाव्या शतकात शेतं एकत्र करून मोठी केली, यंत्र सरळ फिरावं म्हणून, आणि कित्येक बांध त्यात गेले. धुरा बारीक करत जाण्याचं काम तिथे सरकारी योजनेतून झालं, एवढाच फरक.

*

एक गोष्ट सांगायलाच हवी. क्रेफेल्डच्या आकड्यांवर शंका घेतल्या गेल्या, आणि त्या रास्त होत्या. ६३ पैकी ३७ ठिकाणी फक्त एकाच वर्षी सापळे लागले होते. २०२३ साली संशोधकांच्या दुसऱ्या एका गटाने मांडलं, की घसरणीचा बराचसा भाग हवामानातल्या विचित्र चढउतारांनी समजावता येतो. त्यावर वाद झाला. किडे जाण्यामागे कारणं अनेक आहेत: खतांमुळे जमिनीत साचलेलं नत्र, लवकर आणि वारंवार कापलं जाणारं गवत, रात्रीचे दिवे, तापमान. ‘फक्त औषधामुळे’ असं म्हणणारा माणूस उतावीळ असतो.

पण २०१९ साली जर्मनीतल्याच तीन भागांतल्या २९० ठिकाणांचा अभ्यास आला: १५० गवताळ, १४० जंगलातली. दरवर्षी पाहिलेल्या गवताळ ठिकाणी दहा वर्षांत किडे आणि कोळी यांचं वजन ६७ टक्क्यांनी घटलं होतं. तिथल्या गवतावर तिथे काय काम होतं, याने घसरणीत फरक पडला नाही. भोवताली नांगरलेली जमीन जितकी जास्त, तितकी घसरण मोठी. वेगळे लोक, वेगळी जागा, वेगळी पद्धत. उत्तर पुन्हा धुऱ्यापलीकडेच.

जर्मन सरकारने काही केलं नाही, असं नाही. २०२१ साली नियम बदलले आणि संरक्षित क्षेत्रांत तणनाशकं आणि परागवाहक किड्यांना घातक अशी कीटकनाशकं वापरण्यावर बंदी आली, अपवाद ठेवून. त्याच्या दोन वर्षं आधी, असे नियम येणार म्हटल्यावर, शेतकऱ्यांनी हजारो ट्रॅक्टर बर्लिनमध्ये नेऊन उभे केले होते. मी त्याचे व्हिडिओ पाहिले तेव्हा मला राग आला नाही. त्या रांगेत मला आमच्या गावातली माणसं दिसली. बाजारात भाव दुसरेच ठरवणार, सुपरमार्केटला डाग नसलेला बटाटा हवा, आणि किड्यांचा हिशोब मात्र शेतकऱ्याने चुकता करायचा.

पण बंदीही रेघेपाशीच थांबते, हे खरं दुखणं आहे. रेघेच्या आत कायदा, रेघेच्या बाहेर बाजार. आणि माशी दोन्हीकडे.

*

हे सगळं मी बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगत होते. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, ‘काय वं, तिथं किडे गेले म्हनून लोक रडून रायले, अन् इथं बोंडअळी जाता जाईना.’

मी म्हटलं, ‘बाबा, बोंडअळी खाणारे किडेही असतात ना.’

‘असतेत ना. पन तिला मारायले फवारलं, की ते पयले मरते. अळी बोंडात लपून रायते. हे काय मले मालूम नाही?’

त्यांना सगळं माहीत आहे. प्रश्न माहितीचा नाहीच. इमिडाक्लोप्रिड हे औषध युरोपात २०१८ पासून उघड्या शेतात वापरायला बंदी आहे, मधमाश्यांसाठी. आमच्या तालुक्याच्या कृषी केंद्रात ते फळीवर असतं आणि पऱ्हाटीच्या बियाण्याला तर अनेकदा आधीच लावलेलं असतं. बाबांनी ते एकट्याने सोडलं, तर तुडतुडे शेजाऱ्याच्या वावरातून येणारच. नऊ एकरांत एकट्याने शहाणं होणं परवडत नाही. क्रेफेल्डच्या बाईंना सत्तर हेक्टरांतही परवडत नाही. संरक्षित क्षेत्राला सव्वाशे एकरांत परवडत नाही. तिघांची अडचण एकच आहे.

म्हणून मला आता ‘निसर्गासाठी थोडी जागा राखून ठेवू या’ हे वाक्य ऐकलं की अस्वस्थ व्हायला होतं. वाक्य चुकीचं नाही. ती जागा नसती, तर उरलेसुरले किडेही नसते. पण त्या वाक्यात एक सौदा लपलेला असतो: तुम्हाला एवढं दिलं ना, आता उरलेल्या जागेत आम्ही काहीही करू. क्रेफेल्डच्या बाटल्या सांगतात, की हा सौदा टिकत नाही. राखीव जागा जगते ती भोवतालच्या वावरांच्या मर्जीवर. वावरात किड्यांना जगता येईल एवढी मोकळीक हवी असेल, तर तिचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. बटाटा खाणाऱ्याने आणि सुती कपडे घालणाऱ्यानेही तो उचलला पाहिजे. यात मी आले, तुम्हीही आलात.

बाईंनी त्या दिवशी मला त्यांच्या शेताच्या कडेची एक पट्टी दाखवली होती. बारा मीटर रुंद. तिथे त्या काही पेरत नाहीत आणि फवारत नाहीत. झेंडूच्या जातीची पिवळी फुलं, निळी फुलं, बडीशेपेसारखे तुरे, सगळं दाटीवाटीने आलेलं. त्याबद्दल सरकार त्यांना पैसे देतं. करार पाच वर्षांचा. पट्टी नेमकी चराच्या आणि बटाट्याच्या मधे येत नाही, दुसऱ्या बाजूला आहे. कारण चराकडची जमीन चांगली आहे. हे त्यांनीच सांगितलं, काही न लपवता.

मी उभी राहून पाहत होते. फुलांवर माश्या होत्या. त्या पट्ट्यांच्या, हवेत तरंगणाऱ्या. भरपूर होत्या की थोड्या, हे मला सांगता येणार नाही. १९८९ साली मी तिथे नव्हते.

‘करार कधी संपतो?’ मी विचारलं.

‘पुढच्या वर्षी.’

‘मग?’

त्यांनी खांदे उडवले. ‘मुलाला विचारावं लागेल. आणि गव्हाचा भाव काय आहे ते बघावं लागेल.’